जर्मन पोर्सेलिनची जुनी देवमूर्ती कशी पारखावी आणि कशी घ्यावी

नोकरीनिमित्त ड्रेस्डेनला राहायला आल्यानंतर पहिल्याच वर्षी सॅक्सनी या जर्मन प्रांतातल्या एका गावच्या जुन्या बाजारात मी पोर्सेलिनची, म्हणजे उंची चिनी मातीची, एक मूर्ती विकत घेतली. ती वीतभर उंचीची होती, डोक्यावर मुकुट होता आणि पायाशी मोर. विक्रेत्याने ती पालथी करून तळाच्या निळ्या तलवारी, म्हणजे माइसेन या नामांकित जर्मन पोर्सेलिन कारखान्याची खूण, दाखवल्या आणि ‘माइसेन, अठरावे शतक’ एवढेच सांगितले. मी तलवारी पाहिल्या आणि पैसे मोजून दिले. दोन महिन्यांनी एका जाणकार बाईंनी ती हातात घेतली, तळाकडे न पाहता आधी बोटे, मग मोराचा तुरा, मग वस्त्राच्या चुण्या पाहिल्या आणि ही माइसेनची नाही असे सांगितले. त्यानंतर त्यांनी तळ पाहिला. तलवारी झिलईच्या, म्हणजे पोर्सेलिनवरच्या काचेसारख्या थराच्या, वरून रंगवलेल्या होत्या, मोराचा तुरा नंतर बसवलेला होता आणि मूर्ती बहुधा जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातल्या एखाद्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडवलेली होती.

त्या बाईंनी ज्या क्रमाने मूर्ती पाहिली तोच क्रम मी या लेखात मांडते आहे. तळावरची खूण शेवटी पाहायची, हे नवख्या माणसाला पटणे फार अवघड असते, कारण खूण वाचता येते आणि मूर्ती वाचायला शिकावे लागते. परंतु खूण ही पोर्सेलिनमधली सर्वांत सहज नक्कल करता येणारी गोष्ट आहे. नीट घडवलेल्या बोटांची नक्कल करणे त्याच्या शतपट अवघड आहे.

सोबत काय असावे

• दहापट मोठे दाखवणारे भिंग. घड्याळजी किंवा सराफ वापरतात तसले चालते.
• छोटी यूव्ही (अतिनील किरणांची) टॉर्च. डागडुजी शोधण्यासाठी हिच्यासारखे दुसरे साधन नाही.
• मोजपट्टी, साधी टॉर्च आणि एक मऊ टॉवेल. मूर्ती आडवी करायची असेल तेव्हा तिच्याखाली टॉवेल हवाच.
• वही. प्रत्येक मूर्तीची उंची, खुणा, आकडे आणि मागितलेली किंमत तिथल्या तिथे लिहून ठेवावी.

हातातल्या अंगठ्या, बांगड्या आणि गळ्यातले लांब मंगळसूत्र किंवा साखळी आधी काढून ठेवा. मूर्ती उचलताना ती कधीही हाताला, पंखाला किंवा डोक्याला धरू नका. एक हात बैठकीखाली आणि दुसरा कमरेच्या मागे, असेच उचलावे.

१. आधी पार्श्वभूमी समजून घ्या

युरोपात पांढरे, कडक, आरपार उजेड झिरपू देणारे पोर्सेलिन प्रथम १७०८ मध्ये ड्रेस्डेनला तयार झाले. योहान फ्रीडरिश ब्योटगर हा तरुण किमयागार सोने बनवण्याच्या दाव्यामुळे सॅक्सनीचा इलेक्टर (राज्यकर्ता) आणि पोलंडचा राजा असलेला बलाढ्य ऑगस्टस याच्या कैदेत होता. एहरेनफ्रीड वाल्टर फॉन चिर्नहाउस या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांच्या आधारे त्याला केओलिन या पांढऱ्या मातीपासून पोर्सेलिन बनवण्याचे हे गुपित सापडले. १७१० च्या जानेवारीत कारखान्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो माइसेन गावच्या आल्ब्रेश्ट्सबुर्ग किल्ल्यात हलवण्यात आला. किल्ला निवडण्यामागे मोठे कारण एकच होते, ते म्हणजे गुपित बाहेर जाऊ नये. ते गेलेच. १७१८ मध्ये व्हिएन्नात कारखाना निघाला आणि शतकाच्या मध्यापासून हॉक्स्ट, न्युम्फेनबुर्ग, फ्युर्स्टेनबेर्ग, फ्रांकेन्थाल, लुडविग्सबुर्ग व बर्लिन असे जर्मन संस्थानिकांचे कारखाने एकामागोमाग उभे राहिले.

मूर्तींच्या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगे पहिले नाव योहान योआखिम केंडलर यांचे आहे. ते १७३१ मध्ये माइसेनला आले, दोन वर्षांत मुख्य शिल्पी झाले आणि १७७५ मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथेच राहिले. त्या काळी दरबारी मेजवानीत शेवटच्या गोड पदार्थांबरोबर टेबलावर साखरेच्या मूर्ती मांडण्याची रीत होती. केंडलर आणि त्यांचे सहकारी एबरलाइन, राइनिके व मायर यांनी साखरेची जागा पोर्सेलिनला दिली. देव, देवता, ऋतू, पंचेंद्रिये आणि चार खंड हे सारे विषय त्या टेबलावरून आलेले आहेत. म्हणूनच पुष्कळशा जुन्या मूर्ती मागच्या बाजूनेही तितक्याच मन लावून घडवलेल्या असतात, कारण टेबलाभोवती बसलेल्या माणसांना त्या चहूबाजूंनी दिसत. पाठ सपाट आणि निष्काळजीपणे रंगवलेली असेल, तर ती मूर्ती कपाटात भिंतीला लावून ठेवण्यासाठी बनवलेली असण्याची शक्यता वाढते. हा फरक पुढे उपयोगी पडतो.

न्युम्फेनबुर्गला फ्रांत्स आंटोन बुस्टेली यांनी १७५४ ते १७६३ या थोड्या वर्षांत जे काम केले त्याची जातच निराळी आहे. त्यांनी रोमन देवांची आयुधे बाळरूपातल्या मूर्तींच्या हातात दिली. त्या मूर्ती पाहिल्या की लहान मुलाने आजोबांची काठी उचलावी तसे वाटते. माझे मन माइसेनपेक्षा त्यांच्यावर अधिक आहे, पण अस्सल बुस्टेली सामान्य माणसाच्या आवाक्यातला नाही.

२. मूर्ती कोणाची आहे ते ओळखा

आपल्याकडच्या माणसाला येथे एक अडचण हमखास येते. माझ्या मोरवाल्या मूर्तीचे छायाचित्र पाहून आईने पुण्याहून लगेच विचारले, “सरस्वती तिकडे कशी काय?” ती जुनो होती, ज्युपिटरची पत्नी. मोर हे तिचे वाहन. त्रिशूळ दिसला की आपल्याला शंकर आठवतो, परंतु इथे तो समुद्रदेव नेपच्यूनच्या हाती असतो आणि त्याच्या पायाशी मासा किंवा जलाश्व असतो. कपाळावर चंद्रकोर असेल तर ती डायना, शिकारीची देवी, आणि तिच्यासोबत धनुष्य आणि कुत्रा.

इतर खुणा अशा: गरुड आणि वज्र म्हणजे ज्युपिटर, वाद्य आणि पानांचा मुकुट म्हणजे अपोलो, शिरस्त्राण व ढाल म्हणजे मिनर्व्हा, पंख लावलेली टोपी म्हणजे मर्क्युरी, द्राक्षे म्हणजे बॅकस, गव्हाच्या लोंब्या म्हणजे सिरीस, कबुतरे आणि शेजारी पंखवाला मुलगा म्हणजे व्हीनस आणि क्युपिड, दाढीवाल्या पंखधारी म्हाताऱ्याच्या हाती विळा म्हणजे काळाचा देव.

हे ओळखण्याचा उपयोग ज्ञानापुरता नाही. आयुध हा मूर्तीचा सर्वांत नाजूक आणि आधी मोडणारा भाग असतो. मर्क्युरीच्या हातात सर्पदंड नसेल आणि मूठ मात्र काही धरल्यासारखी वळलेली असेल, तर काहीतरी हरवले आहे. उलटही घडते. हरवलेल्या वीणेच्या जागी कोणीतरी फुलांचा गुच्छ बसवतो आणि अपोलोचा माळी होतो. शिवाय अनेक देवता जोडीने किंवा संचाने विकल्या जात. एकटी सिरीस समोर आली तर ती चार ऋतूंच्या संचातली असू शकते, कारण उन्हाळा दाखवायला तिचेच रूप वापरत. त्याच रीतीने जुनो हवा या तत्त्वासाठी आणि नेपच्यून पाण्यासाठी येतो.

३. मूर्तीचे अंग वाचा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, तेव्हा येथे घाई करू नका.

मूर्ती एकाच साच्यातून निघत नाही. धड, डोके, हात, पंख, आयुधे आणि फुले यांचे वेगवेगळे साचे असतात आणि कारागीर ते ओले तुकडे पातळ मातीच्या लेपाने जोडून, सांधे पुसून, बोटे व केस हत्याराने पुन्हा कोरून मूर्ती उभी करतो. या कारागिराचा हातच चांगल्या आणि सुमार मूर्तीतला फरक ठरवतो. भिंगातून पुढील जागा पाहा.

बोटे: प्रत्येक बोट सुटे आहे का, नखांची जागा दिसते का, अंगठ्याला वळण आहे का. सुमार मूर्तीत बोटे चमच्यासारखी एकत्र चिकटलेली असतात.
चेहरा: डोळ्याची वरची पापणी आणि भुवई एकेका केसाएवढ्या बारीक रेघेने काढलेली असते. गालाची लाली कडेने विरत जाते. स्वस्त कामात ती गोल टिकलीसारखी बसवलेली दिसते.
चुण्या: वस्त्राची घडी खोलवर तीक्ष्ण असावी. साचा झिजला की, किंवा तयार मूर्तीवरून नवा साचा काढला की, कडा गोलसर होतात आणि मूर्ती साबणाची असावी अशी दिसू लागते.

येथे मोजपट्टी बाहेर काढा. ओल्या मातीची मूर्ती सुमारे १४०० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून बाहेर येईपर्यंत साधारण एक षष्ठांश आक्रसते. म्हणजे कोणी १८ सेंटिमीटरच्या अस्सल मूर्तीवरून साचा काढून नक्कल बनवली, तर ती भट्टीतून १५ सेंटिमीटरचीच निघेल. संग्रहालयाच्या किंवा लिलावाच्या सूचीत त्या नमुन्याची उंची दिलेली असते, तिच्याशी ताडून पाहा. दोनतीन मिलिमीटरचा फरक भट्टीमुळे पडतो. तीन सेंटिमीटरचा फरक मात्र प्रश्न विचारतो. तरी एवढ्यावरून निर्णय देऊ नका, कारण काही नमुने कारखान्यानेच दोन आकारांत काढलेले आहेत.

रंगांकडेही नीट पाहा. केंडलरच्या पहिल्या काळात पांढरा भाग मोकळा सोडलेला असतो आणि काळा, तांबडा, पिवळा असे ठसठशीत रंग थोड्याच जागी येतात. एकोणिसाव्या शतकात त्याच मूर्ती पुन्हा काढल्या तेव्हा गुलाबी, फिकट हिरवा, जांभळा यांनी वस्त्र जवळजवळ पूर्ण भरून टाकले आणि बैठकीच्या वळणदार नक्षीला सोने लावले. दोन्हींचे आपापले चाहते आहेत. मात्र दुसऱ्या प्रकारची मूर्ती पहिलीच्या भावात घेऊ नये.

४. डागडुजी शोधा

दीडशे-दोनशे वर्षांच्या मूर्तीचे एखादे बोट गेलेले नसेल तर तेच नवल. डागडुजी असणे हा दोष नाही. ती लपवणे हा दोष आहे, कारण तिच्यामुळे किंमत निम्म्याहूनही खाली जाऊ शकते.

खोली अंधारी करून यूव्ही टॉर्च फिरवा. मूळ झिलई सर्वत्र सारखीच दिसते. नंतर लावलेला रंग, डिंक किंवा भर मात्र वेगळ्या छटेने उजळून उठते. माझ्या जुनोवर मी हा प्रयोग स्वयंपाकघरात दिवे मालवून केला, तेव्हा सबंध मूर्ती गडद जांभळट राहिली आणि मोराचा तुरा, डाव्या हाताची दोन बोटे आणि मानेभोवतीचे कडे दुधाळ पांढरे होऊन समोर आले. मानेचे ते कडे म्हणजे डोके एकदा पूर्ण निखळले होते. दिवसाच्या उजेडात तिथे काहीही दिसत नव्हते.

काही कसबी दुरुस्तीकार यूव्हीखाली न चमकणारी द्रव्ये वापरतात, म्हणून स्पर्शाचीही मदत घ्या. झिलई थंड आणि काचेसारखी कडक लागते, तर भरलेला भाग किंचित उबदार आणि मऊ लागतो. नखाच्या टोकाने हलकेच टकटक केले तर आवाजातला फरकही कळतो. सुई, पिन किंवा चाकूचे टोक कधीही लावू नका, आणि विक्रेत्याच्या परवानगीशिवाय नखही लावू नका.

मान, मनगटे, घोटे, पंखांची मुळे, आयुधे, आणि मूर्तीमागे पानाफुलांचे झाड असेल तर त्याची पाने या जागा कधीही चुकवू नका. पानांच्या टोकांचे टवके उडालेले असणे अगदी सामान्य आहे आणि ते तसेच राहू देणे उत्तम.

एक गोष्ट मात्र नुकसान समजू नका. बैठकीवर किंवा दोन भागांच्या सांध्याजवळ कधी कधी भट्टीतच पडलेली चीर असते. तिच्या कडा झिलईने गुळगुळीत झालेल्या असतात. नंतर आपटून पडलेल्या तड्याच्या कडा धारदार असतात आणि त्यात धूळ साचून काळी रेघ दिसते. भट्टीतल्या चिरेमुळे अठराव्या शतकातली मूर्ती नाकारणे म्हणजे अज्ञानाने चांगली संधी घालवणे होय.

५. आता मूर्ती पालथी करा

टॉवेल पसरा, मूर्ती आडवी करा आणि तळ पाहा. माइसेनच्या निळ्या आडव्यातिडव्या तलवारी १७२०च्या दशकाच्या सुरुवातीला आल्या. त्यांचे काळानुसार बदल ढोबळमानाने असे आहेत.

• १७६३ ते १७७४: मुठींच्या मध्ये एक ठिपका.
• १७७४ ते १८१४: तलवारींखाली किंवा मुठींमध्ये तारा. हा काउंट मार्कोलिनी यांच्या कारभाराचा काळ.
• एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९२४ पर्यंत: मुठींच्या टोकाला छोटे गोळे.
• १९२४ ते १९३४: पात्यांच्या टोकांच्या मध्ये ठिपका.

अठराव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या पुष्कळ मूर्तींचा तळ सपाट आणि बिनझिलईचा असतो. त्यामुळे तलवारी बैठकीच्या मागच्या कडेला अगदी लहान काढलेल्या असतात, किंवा मुळीच नसतात. म्हणून खूण नाही एवढ्यावरून मूर्ती टाकून देऊ नका.

अस्सल तलवारी झिलईखाली असतात. बोट फिरवले तर काहीही हाताला लागत नाही आणि भिंगातून निळा रंग काचेच्या थराखाली किंचित पसरलेला दिसतो. झिलईवर रंगवलेल्या तलवारी बोटाला उंचवट्यासारख्या जाणवतात आणि त्यांचा निळा रंग कोरडा व सपाट दिसतो. तळावर कुठे झिलई घासून काढल्यासारखा मंद चट्टा असेल तर तेथे दुसऱ्या कारखान्याची खूण होती आणि ती पुसली गेली असे समजावे. तलवारींवरून आडव्या खरवडलेल्या रेघा असतील तर कारखान्याने तो माल दुय्यम ठरवला होता, किंवा तो न रंगवता पांढराच विकला होता आणि रंग बाहेरच्या माणसाने दिला आहे.

तलवारींसोबत तीन प्रकारचे आकडे आढळतात आणि नवख्यांचा सर्वांत मोठा घोटाळा इथेच होतो. ओल्या मातीत हाताने कोरलेले अक्षर आणि आकडा हा नमुन्याचा क्रमांक असतो. साच्याने दाबून उमटवलेला आकडा भाग जोडणाऱ्या कारागिराचा, आणि रंगाने लिहिलेला आकडा रंगवणाऱ्याचा. यांपैकी एकही आकडा वर्ष सांगत नाही. उदाहरणार्थ, मिशेल व्हिक्टर आसिए या फ्रेंच शिल्प्याने १७७५च्या सुमारास फ्रेंच सुवचने लिहिलेल्या बैठकींवरच्या क्युपिडांची मालिका घडवली आणि तिचे क्रमांक ‘एफ’ या अक्षराने सुरू होतात. त्याच साच्यांच्या मूर्ती माइसेनने एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातही काढल्या. म्हणून प्रत्येक वेळी दोन प्रश्न वेगळे विचारा: नमुना कधीचा आहे, आणि हातातली प्रत कधीची आहे? विक्रेते पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात आणि प्रतही तेवढीच जुनी असल्यासारखे पैसे मागतात.

इतर कारखान्यांच्या खुणांपैकी बर्लिनचा राजदंड, हॉक्स्टचे सहा आऱ्यांचे चाक, न्युम्फेनबुर्गची दाबून उमटवलेली बव्हेरियाची ढाल आणि फ्युर्स्टेनबेर्गचे ‘एफ’ अक्षर एवढ्या प्रथम पाठ करा. पुढील तीन खुणांपाशी मात्र थांबून विचार करा.

पहिली म्हणजे ‘ड्रेस्डेन’ हा शब्द आणि मुकुट. ड्रेस्डेन शहरात अनेक रंगकाम करणाऱ्या कार्यशाळा होत्या आणि १८८३ मध्ये त्यांपैकी चौघांनी मिळून मुकुटाची खूण नोंदवली. हे माइसेन नव्हे, जरी इंग्रजी बोलणारे लोक जुन्या काळी माइसेनलाच ड्रेस्डेन म्हणत असत.

दुसरी ‘ए आर’ ही जोडाक्षरी खूण. ती मुळात राजा ऑगस्टसची होती. एकोणिसाव्या शतकात ड्रेस्डेनच्या हेलेना वोल्फजोन यांच्या कार्यशाळेने ती वापरली आणि माइसेनला त्यासाठी न्यायालयात जावे लागले. बाजारात दिसणाऱ्या बहुतेक ‘ए आर’ वस्तू त्या नंतरच्या काळातल्या आहेत.

तिसरी मुकुटाखालचे ‘एन’ अक्षर. ते नेपल्सचे असले तरी थुरिंगियातल्या अनेक कारखान्यांनी ते मुक्तहस्ते वापरले. पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने तर तलवारींसारख्याच दिसणाऱ्या खुणा घालून जर्मन मूर्तींच्या उत्तम नकला केल्या. त्या नकला आता स्वतःच जुन्या झाल्या असून त्यांचेही संग्राहक आहेत.

तळावर इंग्रजीत ‘जर्मनी’ असे लिहिलेले असेल तर मूर्ती बहुधा १८९१ नंतरची आहे. अमेरिकेच्या नव्या जकात कायद्याने त्या वर्षापासून आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे झाले.

६. डोळा तयार करा, मगच विकत घ्या

खरेदीपूर्वी निदान पन्नास अस्सल मूर्ती काचेआडून का होईना पाहा. ड्रेस्डेनच्या झ्विंगर राजवाड्यातला पोर्सेलिन संग्रह हा त्यासाठी सर्वोत्तम आहे, आणि माइसेनच्या कारखान्याच्या संग्रहालयात भाग जोडण्याचे आणि रंगवण्याचे काम प्रत्यक्ष करून दाखवतात. भारतात असाल तर हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातले युरोपीय पोर्सेलिन पाहा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या युरोपीय सजावटीच्या वस्तू आहेत.

विकत घेण्याचे मार्ग तीन: दुकानदार, लिलाव आणि जुना बाजार. नवख्याने पहिली मूर्ती दुकानदाराकडून घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. थोडे अधिक पैसे जातात, परंतु लेखी पावती मिळते आणि प्रश्न विचारता येतात. लिलावात बोली संपते त्या रकमेवर कमिशन आणि कर चढतो आणि तो बहुधा पाव भागाहून जास्त असतो, तेव्हा बोलीची मर्यादा ठरवताना तो आधी वजा करा. व्यावसायिक विक्रेत्याकडून युरोपीय संघात ऑनलाइन खरेदी केली तर सामान्यतः चौदा दिवसांत वस्तू परत करता येते. प्रत्यक्ष सार्वजनिक लिलावाला ही सवलत नाही आणि खासगी विक्रेता जबाबदारी नाकारू शकतो.

जर्मन वर्णनात चार शब्द शोधून काढा. ‘रेस्टाउरीर्ट’ म्हणजे डागडुजी केलेली, ‘बेशेडिग्ट’ म्हणजे नुकसान झालेली, ‘बेश्टोसेन’ म्हणजे टवका उडालेली आणि ‘ब्रांडरिस’ म्हणजे वर सांगितलेली भट्टीतली चीर. हे शब्द अनेकदा तीनचार अक्षरांच्या संक्षेपात, वर्णनाच्या अगदी शेवटी येतात. ‘माइसेन शैलीची’ आणि ‘माइसेन’ यांतला फरक तर कधीच नजरेआड करू नका. वर्णनात अवस्थेचा उल्लेखच नसेल तर मूर्ती अखंड आहे असे धरू नका, लेखी विचारा आणि मान, हात व तळ यांची वेगळी छायाचित्रे मागवा.

७. कागदपत्रे

• विक्रेत्याचे नाव, पत्ता व तारीख असलेली पावती. तिच्यावर नुसते ‘मूर्ती’ न लिहिता कारखाना, विषय, उंची, अंदाजे काळ, खुणा, नमुना क्रमांक आणि डागडुजी यांचा उल्लेख करून घ्या.
• पैसे दिल्याचा बँकेचा पुरावा.
• सर्व बाजूंची आणि तळाची छायाचित्रे.
• असल्यास जुन्या लिलावाच्या सूचीचे पान किंवा तज्ज्ञाचे लेखी मत.

मूर्ती युरोपीय संघाबाहेर नेताना, पन्नास वर्षांहून जुन्या मृत्पात्री वस्तूचे मोल ५०,००० युरोपेक्षा अधिक असेल तर सांस्कृतिक वस्तूंच्या निर्यातीचा परवाना लागतो. आपल्यासारख्यांच्या बहुतेक मूर्ती या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतात, परंतु मोल दाखवणारी पावती जवळ असणे तेवढ्यासाठीच आवश्यक आहे. भारतात उतरताना सीमाशुल्क अधिकाऱ्याला वय आणि किंमत दोन्ही दाखवावी लागते. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी ९७०६ हे स्वतंत्र शीर्षक आहे, पण पावतीवर काळ लिहिलेला नसेल तर त्याचा आधार घेता येत नाही. शुल्काचे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून प्रवासाआधी ते अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या. वस्तू लपवून नेऊ नका.

८. घरी नेणे आणि सांभाळणे

मूर्तीला आधी मऊ, बिनरंगी टिश्यू कागद सैलसर गुंडाळा. बोटे, पंख आणि आयुधे यांच्याभोवतीच्या पोकळीत कागदाचे हलके गोळे ठेवा, पण त्यांच्यावर दाब देऊ नका. बुडबुड्यांचे प्लॅस्टिक त्यावरून, रंगाला थेट लागणार नाही अशा रीतीने. मग डबा आणि त्या डब्याभोवती दुसरा मोठा डबा. विमानात मूर्ती हातातल्या सामानातच असावी.

मूर्ती नळाखाली धुऊ नका. ती आतून पोकळ असते आणि भट्टीत वाफ बाहेर जाण्यासाठी तिला कुठेतरी छिद्र ठेवलेले असते. तिथून आत गेलेले पाणी महिनोन्महिने राहते आणि जुने जोड सैल करते. मऊ कुंचल्याने धूळ झटकावी, चिकट डागावर शुद्ध पाण्यात किंचित भिजवलेला कापसाचा बोळा फिरवावा आणि सोन्यावर तोही फिरवू नये. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याचे भय पोर्सेलिनला नाही, जोडातल्या डिंकाला आहे. ऊन लागले तर भरलेला भाग पिवळा पडतो, म्हणून खिडकीसमोरचे शोकेस टाळा.

प्रत्येक मूर्तीसाठी एक चिठ्ठी लिहून पावतीसोबत ठेवा. तिच्यावर मूर्ती कोणाची, कारखाना, अंदाजे काळ, नमुना क्रमांक, डागडुजीच्या जागा, कुठे व कितीला घेतली हे सारे स्वच्छ अक्षरांत असावे. माझ्या जुनोच्या चिठ्ठीवर मी ‘माइसेन’ खोडून ‘थुरिंगिया, १८९०च्या आसपास; मान, तुरा व दोन बोटे जोडलेली; तलवारी झिलईवर’ असे लिहिले आहे आणि ती अजूनही माझ्या शोकेसच्या मधल्या फळीवर उभी आहे.